धावून जायचं नाही

अक्का,

तुमच्यासाठी म्हणून माणसं अजून घरी येतात. फोटोला हात जोडतात आणि मग माझ्यासमोर बसून राहतात. मी काहीतरी सांगावं असं त्यांना वाटत असतं. नणंद-भावजय इतकी वर्षं एका छपराखाली राहिल्या म्हणजे सांगण्यासारखं पुष्कळ असणार, असा त्यांचा हिशोब. तुमच्या शाळेतल्या मुली येतात. मुली म्हणायचं, पण त्यांतल्या काहींना आता नातवंडं आहेत. त्यांना तुमच्या खो-खोच्या संघाबद्दल ऐकायचं असतं, तुमच्या शिट्टीबद्दल, उन्हात उभं करण्याच्या शिक्षेबद्दल. आणि मी त्यांना गुंड्याबद्दल सांगत बसते. परवा एक जण चहा अर्धा ठेवून उठली. बाई गेल्या आणि ही कुत्र्याचं काय घेऊन बसली, असं तिच्या तोंडावर स्वच्छ दिसत होतं.

पण मला दुसरं काही सांगता येत नाही. तुमची-माझी खरी ओळख झाली ती अगदी शेवटी शेवटी, आणि तीही कॉलनीच्या मागच्या मैदानावर. त्याआधी आपण एकमेकींना जपून होतो. तुम्ही थोरल्या, लग्न न केलेल्या, नोकरी करून याच घरात राहिलेल्या. मी तुमच्या धाकट्या भावाची बायको. आपलं भांडण कधी झालं नाही, कारण भांडणापर्यंत जाईल असं काही आपण बोललोच नाही. हे गेले तेव्हाही तुम्ही तुमच्या खोलीत रडलात आणि मी माझ्या.

मग एके दिवशी तुम्ही आजोळाहून परत आलात, अक्कलकोटच्या पलीकडून, एसटीने, आणि तुमच्या कापडी पिशवीतून एक तोंड बाहेर आलेलं होतं. लांबट, हडकुळं, डोळ्यांत काजळ घातल्यासारखं.

"कारवान आहे," तुम्ही म्हणालात. "मल्लिनाथाच्या कुत्रीला झालेलं. शिकारीची जात."

"शिकार कशाची करणार जुळे सोलापुरात?" मी म्हटलं.

कानडीत गुंडू म्हणजे गोल, वाटोळा. त्या काडीसारख्या पिल्लाचं नाव तुम्ही गुंड्या ठेवलंत आणि स्वतःच हसलात. तुम्हाला एवढं मोठ्याने हसताना मी क्वचितच ऐकलं होतं.

कारवान कुत्रं वाढतं कसं ते मला ठाऊक नव्हतं. वर्षाच्या आत त्याचं डोकं माझ्या कमरेशी आलं. छाती खोल, पोट पाठीला लागलेलं, आणि अंगात जे काही होतं ते सगळं पळण्यासाठी होतं. माणसांशी तो फार शहाण्यासारखा वागायचा. दूधवाल्याला, पेपरवाल्याला नुसता वास घेऊन सोडायचा. पण दुसरं कुत्रं दिसलं की संपलं. गल्लीच्या टोकाला शेपटी हलली तरी हा बाणासारखा सुटायचा. चावायला नव्हे, तुम्ही हे सगळ्यांना समजावत फिरायचात. त्याला खेळायचं असायचं. तो धावत जाऊन समोरच्याच्या अंगावर छातीने आदळायचा आणि मग आपण किती आनंदात आहोत हे दाखवायला वर उड्या मारायचा. समोरच्या बंगल्यातल्या बाईंच्या पांढऱ्या झुबकेदार कुत्र्याला त्याने असंच एकदा फाटकापासून गटारापर्यंत लोळवलं. बाई तरातरा आपल्या फाटकाशी आल्या.

"हे काय पाळायचं जनावर आहे का? शिक्षिका होता ना तुम्ही?"

तो टोमणा तुम्हाला लागला. मी पाहिलं.

पाण्याच्या टाकीपाशी भटक्या कुत्र्यांची एक टोळी असायची. त्यांना याच्या आनंदाशी काही देणंघेणं नव्हतं. एका सकाळी याने त्यांना पाहिलं आणि झेप घेतली. दोरी तुमच्या मनगटाला गुंडाळलेली होती. तुम्ही रस्त्यावर तोंडावर पडलात आणि तो तुम्हाला काही अंतर फरफटत घेऊन गेला. मग दोरी सुटली आणि टोळीने त्याचा कान फाडला. मला बोलवायला शेजारचे आले तेव्हा तुम्ही रस्त्याच्या कडेला बसला होतात. उजवा हात मांडीवर ठेवलेला, मनगट वेडंवाकडं, आणि गुंड्या रक्ताळलेल्या कानाने तुमच्या पायाशी आडवा पडलेला.

"त्याला कुणी मारू नका," तुम्ही म्हणालात. दुखतंय, हे त्यानंतर म्हणालात.

मनगटात दोन ठिकाणी मोड होती. प्लॅस्टर कोपराच्या वरपर्यंत घातलं. मल्लिनाथ बातमी कळताच आला. तुमच्या मामेभावाचा मुलगा, शेती करणारा, मनाने चांगला माणूस.

"आत्या, ह्ये काय हितं गल्लीत ऱ्हायचं जनावर न्हाय," तो म्हणाला. "आमच्या रानात मोकळं पळंल. तुमी कशाला जीवाला घोर लावून घेता? मी नेतो की."

मला ते पटलं होतं. मी तसं बोलूनही दाखवलं. तुम्ही खाटेवरून माझ्याकडे पाहिलंत, शाळेत उशिरा आलेल्या मुलीकडे पाहावं तसं.

"शैला, त्याला दोष काय आहे? त्याला कुणी शिकवलंच नाही. मी लाड केले, शिकवलं नाही. आता शिकवते."

"या हाताने?"

"हात तुझा. तोंड माझं."

अशी मी त्यात ओढली गेले. बँकेतून निवृत्त होताना मी ठरवलं होतं की आता सकाळी कुणासाठीही लवकर उठायचं नाही. आणि मी उन्हं चढायच्या आत, कमरेला ओढणी आवळून, बाभळींच्या त्या मैदानात एका शिकारी कुत्र्याची दोरी धरून उभी राहू लागले. तुम्ही घरातली प्लॅस्टिकची खुर्ची उचलून आणायला लावायचात आणि गळ्यातल्या झोळीत हात अडकवून तिच्यावर बसायचात. गळ्यात शिट्टी नव्हती, एवढाच काय तो फरक.

शिकवायला दुसरं कुत्रं लागतं. ते अन्वरभाईंनी दिलं. पलीकडच्या गल्लीत राहणारे, पूर्वी रिक्षा चालवणारे, आता दिवसभर मोकळे. त्यांच्याकडे चांदनी नावाची म्हातारी, जाडी कुत्री होती. तुम्ही त्यांना विचारलंत, रोज थोडा वेळ मैदानाच्या त्या टोकाला तिला घेऊन बसाल का? तिला काही होऊ देणार नाही.

"हौ बाजी, मेरेकू दूसरा क्या काम है? बैठूंगा," ते म्हणाले. "चांदनी तो बैठीच रहती. उसकू तो उठनाच नक्को." आपल्या दोघींना ते बाजीच म्हणायचे, म्हणजे ताई.

तर त्या टोकाला अन्वरभाई आणि चांदनी, या टोकाला मी आणि गुंड्या, आणि बाजूला खुर्चीत तुम्ही. तुमची रीत साधी होती. चांदनी त्याला दिसेल, पण तो वेडा होणार नाही, एवढ्या लांब उभं राहायचं. त्याने तिच्याकडे पाहिलं की लगेच तुम्ही म्हणायचात, "नोड." कानडीत बघ. मल्लिनाथाच्या घरी त्याच्या कानावर आधीपासून कानडी पडलेली, म्हणून हुकूम कानडीत. त्याने मान वळवून आपल्याकडे पाहिलं की तोंडात खाऊ. नाही पाहिलं तर आणखी लांब जायचं. ओढ लावली तर जागच्या जागी थांबायचं, दोरीला झटका द्यायचा नाही, ओरडायचं नाही.

"खांदे खाली, शैला. तू घाबरलीस की दोरीतून त्याला कळतं. दोरी सैल. सैल म्हणजे सैल."

मी साठी ओलांडलेली बाई. मैदानावर लोक चालायला यायचे. तुम्हाला त्याचं काही नव्हतं.

खाऊवरून अडलं. तुम्ही ज्वारीच्या कडक भाकरीचे तुकडे करून दिले होते. घरात ते तो आवडीने खायचा, पण पलीकडे चांदनी दिसत असताना त्याला भाकरीत काही राम वाटेना. तोंडातून टाकून द्यायचा. मी म्हटलं, उकडलेलं अंडं द्यावं लागेल. तुम्ही म्हणालात, आपल्या घरात अंडं शिजणार नाही. लिंगाला हात लावून पूजा करणारी माणसं आपण. दुसऱ्या दिवशी अन्वरभाई स्टीलचा एक छोटा डबा घेऊन आले आणि माझ्या हातात देऊन त्यांच्या टोकाला गेले. आत उकडलेल्या कोंबडीचे बारीक तुकडे होते. मी तुमच्याकडे पाहिलं.

"माझा चष्मा घरी राहिला," तुम्ही म्हणालात. चष्मा तुमच्या नाकावर होता.

त्या दिवसापासून गुंड्या शिकू लागला. घरी गेल्यावर मी हात धुवायचे आणि तुम्ही नळाकडे बघायचा नाहीत.

हे सगळं सरळ गेलं असं मी कुणाला सांगत नाही. चार दिवस तो छान वळून बघायचा, आपण थोडं पुढे सरकायचो, आणि पाचव्या दिवशी बाभळीमागून एखादं भटकं कुत्रं अचानक निघायचं की सगळं मुसळ केरात. तो मागच्या पायांवर उभा राहून किंचाळायचा. मला रडू यायचं. तुम्ही म्हणायचात, "ठीक आहे. आज परत लांबून." एवढंच. शाळेतही तुम्ही अशाच होतात का? तुमच्या मुली सांगतात तुम्ही कडक होतात. कुत्र्याशी मी तुम्हाला कधी कडक पाहिलं नाही.

तुमचं प्लॅस्टर निघालं, हात बारीक आणि पांढुरका निघाला, तरी दोरी माझ्याच हातात राहिली. आणि आपला वाद सुरू झाला.

तो मी सुरू केला. गुंड्या आता मैदानातून चालताना दुसरं कुत्रं दिसलं की आपोआप मान वळवून माझ्याकडे बघायचा. लोक कौतुक करायचे. मला मात्र ते बघवेना. त्याच्या अंगातून काहीतरी काढून घेतल्यासारखं वाटायचं.

"अक्का, कुत्र्याने कुत्र्याकडे जायचं नाही तर कुणाकडे जायचं?" मी विचारलं. "आपण दोन म्हाताऱ्या. त्याने जन्मभर आपल्याच तोंडाकडे बघत राहायचं का?"

"जाऊ दे की. पण धावून नाही."

"धावण्यात काय वाईट आहे? त्याला आनंद होतो."

"त्याला होतो. समोरच्याला कुणी विचारलं?" तुम्ही म्हणालात. "टाकीपाशी ती तीन पायांची कुत्री आहे ना? हा तिच्याकडे जातो खेळायला. तिला वाटतं जीव घ्यायला आला. दोघांचंही खरं आहे. मग थांबायचं कुणी? ज्याला चार पाय आहेत त्याने."

मी म्हटलं, पण कधीतरी सोडावं लागेल, नाहीतर शिकवलं कशासाठी? तुम्ही म्हणायचात, सोडू, अजून वेळ आहे. मी म्हणायचे, तुम्हाला सोडायचंच नाहीये. आपण हे मैदानावर बोलायचो, घरी भाजी निवडताना बोलायचो, टीव्ही बंद करून बोलायचो. इतकी वर्षं एकत्र राहून आपण पहिल्यांदाच कशावर तरी भांडत होतो, आणि दोघींनाही ते आवडत होतं. हे मी तुम्हाला सांगितलं नाही. तुमच्या लक्षात आलं असेल.

एकदा मी विचारलंही, हे इतकं तुम्हाला का लागलंय? तुम्ही हातातली शेंग सोललीत. मग म्हणालात, "तू लग्न होऊन आलीस तेव्हा आई म्हणायची, जा, तिच्याशी बोल, तिला जवळ घे. मी म्हटलं, नको. नवीन घर आहे, तिला आधी दम खाऊ दे. मग मी थांबले ती थांबलेच." आणि शेंगांची टरफलं घेऊन आत गेलात. मला त्यावर काय बोलावं ते तेव्हाही सुचलं नाही, आणि आज सुचतंय तर तुम्ही नाही. तुमच्या त्या थांबण्याचा मला राग कधीच नव्हता, अक्का. त्या घरात मला पहिला श्वास घेता आला तो तुम्ही दारात उभ्या न राहिल्यामुळे. पण थोडं लवकर आला असतात तरी चाललं असतं.

मग ती सकाळ. गॅसचा माणूस सिलिंडर ठेवून गेला आणि फाटक उघडं राहिलं. मी स्वयंपाकघरात होते. तुम्ही बाहेर तुळशीला पाणी घालत होतात. गुंड्या मोकळा होता. तीच तीन पायांची कुत्री गल्लीत आली होती. तिने आपल्या कोपऱ्यावरच्या सिमेंटच्या पाइपात पिल्लं घातली होती आणि तोंडात काहीतरी धरून लगबगीने तिकडे निघाली होती. गुंड्याने तिला पाहिलं आणि तो सुटला.

मी खिडकीतून पाहिलं. तुम्ही फाटकाबाहेर आलात. तुम्ही धावला नाहीत. ओरडला नाहीत. मैदानावर बोलायचात त्याच आवाजात म्हणालात, "गुंड्या. निल्लु."

थांब.

अक्का, तो थांबला. इतक्या वेगात होता की त्याचे मागचे पाय घसरून पुढे आले आणि तो बसल्यासारखा झाला. कुत्री पाइपाच्या तोंडाशी दात काढून उभी होती. त्याने तिच्याकडे पाहिलं, आणि मग वळून तुमच्याकडे. त्याचं सगळं अंग कापत होतं. तुम्ही हळूहळू चालत त्याच्यापर्यंत गेलात, गळपट्ट्यात बोट अडकवलंत आणि त्याच्या छातीवर हात फिरवत म्हणालात, "शाण्या. शाण्या माझा." मी धावत बाहेर आले तेव्हा तुमच्या चेहऱ्यावर जे होतं ते मी कुठल्याच फोटोत पाहिलेलं नाही. तुमच्या संघाला ढाली मिळाल्या त्या फोटोंतही नाही.

"बघितलंस ना, शैला?"

"बघितलं."

"बास मग."

तुमच्या जाण्याबद्दल सांगण्यासारखं फार नाही. एके सकाळी मैदानावरून आलो, तुम्ही ओट्यावर बसून बूट काढत होतात. एक काढलात. मी पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आले तेव्हा तुम्ही भिंतीला टेकलेल्या होतात. डॉक्टर म्हणाले, काही कळलंही नसेल. हे ते सगळ्यांनाच सांगत असतील, पण मी मानून घेतलं.

घर माणसांनी भरलं. आपल्या लिंगायत रीतीप्रमाणे तुम्हाला बसवलं, कपाळाला विभूती लावली, बेल वाहिला. तुमच्या विद्यार्थिनी इतक्या आल्या की गल्लीत उभं राहायला जागा नव्हती. तुम्हाला बाहेर नेताना त्या दोन्ही बाजूंना सरळ रांगेत उभ्या राहिल्या. कुणी सांगितलेलं नव्हतं. मी तेव्हा रडले नाही. गुंड्याला मागच्या खोलीत बांधलं होतं आणि त्याला पाणी दिलंय की नाही, हे मला आठवत नव्हतं. माझं सगळं लक्ष तिकडे होतं.

सगळे विधी उरकल्यावर मल्लिनाथ माझ्यासमोर उकिडवा बसला. या वेळी गाडी घेऊन आला होता.

"काकू, आत्या व्हत्या तवर ठीक व्हतं. आता तुमी एकट्या. ह्ये वढाळ जनावर तुमाला कसं आवरायचं? आन् तुमाला तर कुत्र्यांची आवडबी न्हाय. आत्याच म्हनायच्या."

"असं म्हणायच्या?"

"व्हय की. म्हनायच्या, शैलाला कुत्रं आवडत न्हाय, पर दोरी तिच्याइतकी कुनाला धरता येत न्हाय."

मी उठून आत गेले आणि चहा टाकला. बाहेर आले तेव्हा मल्लिनाथला सांगितलं, तो इथेच राहील. त्याने कारण विचारलं. सकाळी त्याला फिरवायचं असतं, एवढंच म्हणाले. मल्लिनाथने चहा घेतला आणि रिकामी गाडी घेऊन गेला.

आता शेवटचं. हे मी अजून कुणाला सांगितलेलं नाही.

परवा मैदानावर गेले होते. अन्वरभाई एकटेच बसलेले होते. चांदनीला आता चालवत नाही, ती घरीच असते. एक तरुण, तांबूस भटका कुत्रा बाभळीखालून निघाला आणि लांब उभा राहिला. गुंड्याने त्याला पाहिलं. ओढला नाही. त्या कुत्र्याने पुढचे पाय जमिनीला टेकवून पाठ वर केली, खेळायला बोलावतात तशी. गुंड्याने माझ्याकडे पाहिलं आणि बघतच राहिला. मी वाकले आणि गळपट्ट्यातून दोरी काढली.

तो चालत गेला. सरळ नाही, वळसा घेऊन, बाजूने. लांबूनच थांबला. तांबड्याने वास घेतला, याने वास घेतला. आणि मग दोघंही एकदम सुटले. अक्का, आपण त्याला कधी पूर्ण पळताना पाहिलंच नव्हतं. कायम कुठेतरी दोरी असायची किंवा भिंत. मैदानाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत तो जमिनीला लागतच नव्हता. चालायला आलेली माणसं उभी राहिली.

"बुला लेव ना बाजी," अन्वरभाई म्हणाले, "दूर जाराय."

"थोडं राहू दे."

तो दमून आपला आपण परत आला आणि माझ्या पायाशी पडला. जीभ मातीत. मी त्याला दोरी लावली.

तुम्ही म्हणाला असतात, घाई केलीस, आणखी थोडं थांबायला हवं होतं. कदाचित ते खरंही असेल. मी म्हटलं असतं, तुम्ही असतात तर तो म्हातारा होईपर्यंत थांबला असतात. तेही कदाचित खरं असेल. घरी येईपर्यंत मी मनातल्या मनात तुमची बाजूही मांडत होते आणि माझीही, आणि तुमची बाजू मला तुमच्याइतकी चांगली मांडता येत नव्हती.

तुमची
शैला